सांध्यावरची पुस्तकं

कामशेतच्या माझ्या दुकानात हत्यारांची फळी वर आहे आणि पुस्तकांची तिच्या लगेच खाली. वर पकडी, कटर, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न. खाली वीस-पंचवीस पुस्तकं आणि डेटाशीटच्या फायली. पॉलिहाऊसचे कंट्रोलर, ड्रिपचे टायमर, पाण्याच्या टाक्यांचे लेव्हल पॅनेल ही माझी रोजची कामं. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ आणि वर लोणावळा-खंडाळ्यापर्यंत मी गाडीवर फिरतो. काम अडलं की एक हात पकडीकडे जातो आणि दुसरा खालच्या फळीकडे. त्यामुळे काही पानं फ्लक्सने पिवळी पडली आहेत आणि एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर गरम आयर्नचा काळा डाग आहे.

प्रवेश झाले की आसपासच्या गावांतली डिप्लोमाची, आयटीआयची मुलं दुकानात येतात. "दादा, डिजिटल आणि इंटरफेसिंग नीट शिकायचंय. कुठलं पुस्तक घेऊ?" एका नावात याचं उत्तर देता येत नाही. यातलं प्रत्येक पुस्तक मी घेतलं एका दिवशी आणि ते मला कळलं फार नंतर, बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. म्हणून पुस्तकांची नावं त्या त्या कामासकट सांगतो.

आधी एक शब्द. इंटरफेसिंगला मी माझ्या वहीत 'सांधा' असं लिहितो. चिपच्या आत सगळा कारभार शून्य आणि एक यांचा असतो. बाहेर मोटर असते, ओली केबल असते, ऊन असतं, ये-जा करणारी वीज असते. ही दोन जगं जिथे जोडायची तो सांधा. शेतावरचा पाइप गळतो तो सांध्यावर, पत्र्याचं छप्पर ठिबकतं ते सांध्यावर, आणि कंट्रोलर दगा देतो तोही बहुतेक सांध्यावरच. या जागेबद्दल जे पुस्तक खरं बोलतं ते मी जपून ठेवलं आहे.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि १९९६ साली डिप्लोमाला गेलो. तिथे दोन पुस्तकं सगळ्यांच्या दप्तरात असायची. एक आर. पी. जैन यांचं 'मॉडर्न डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स' आणि दुसरं मालविनो-लीच यांचं 'डिजिटल प्रिन्सिपल्स अँड ॲप्लिकेशन्स'. जैन यांच्या पुस्तकात के-मॅप, फ्लिप-फ्लॉप, काउंटर असं सगळं क्रमवार मिळतं आणि गणितं भरपूर आहेत. मालविनो-लीच यांची इंग्रजी सोपी, वाक्यं लहान, एक कल्पना मांडून झाली की लगेच उदाहरण. शब्दकोश शेजारी ठेवून वाचणाऱ्या मुलाला असं पुस्तक मोठा आधार देतं. अँड, ऑर, नँड, नॉर यांचे तक्ते दोन रात्रींत पाठ झाले. विषय आपल्याला आला, असं मला तेव्हा वाटलं.

मग प्रॅक्टिकलला मी सीडी ४०११ ही नँड गेटची चिप ब्रेडबोर्डवर लावली. एका इनपुटला वायर जोडली, दुसरा पाय तसाच ठेवला. तक्त्याप्रमाणे एलईडी विझायला हवा होता. तो स्वतःच्या मर्जीने वागत होता. मी बोर्डजवळ हात नेला की लागायचा, हात मागे घेतला की विझायचा. चिप बदलली, वायर बदलली, तरी तेच. आमच्या लॅबचे मामा आंदर मावळातले होते. ते शांतपणे येऊन पाहून गेले, परत आले आणि म्हणाले, "पोरा, तुझा पाय अधांतरी आहे."

पुस्तकात त्याला 'फ्लोटिंग इनपुट' म्हटलं होतं. तो शब्द मी वाचला होता, पण समोर एलईडी लुकलुकत असताना मला तो आठवला नव्हता. मामांनी वहीच्या मागच्या पानावर भाताचं खाचर काढलं. "या खाचराला पाट जोडलेला नाही आणि मोरीही नाही. मग यातलं पाणी कुणाच्या हातात? वरून पडेल त्याच्या. आता याला एक बारीक पाट कायमचा जोड. खाचर भरलेलं राहील. रिकामं करायचं असेल तेव्हा मोरी उघड. बारीक पाट त्या मोरीला पुरा पडत नाही, म्हणून पातळी खाली येते. मोरी बंद केलीस की परत भरतं." मग त्यांनी खिशातून दहा किलोओहमचा रजिस्टन्स काढून तो त्या पायापासून पाच व्होल्टला जोडला. तो रजिस्टन्स म्हणजे पाट आणि पायापासून जमिनीला लावायचं बटण म्हणजे मोरी. एलईडी शहाण्यासारखा वागायला लागला.

पुल-अप रजिस्टर ही गोष्ट मला त्या दिवशी जी कळली, ती पुढे पंचवीस वर्षं पुरली. त्याच दिवशी मी एक वही सुरू केली. 'फ्लोटिंग'पुढे 'अधांतरी' लिहिलं, 'पुल-अप'पुढे 'बारीक पाट', 'सिंक'पुढे 'करंट पोटात घेणं', 'सोर्स'पुढे 'करंट देणं'. पारिभाषिक कोशात यांना दुसरे शब्द असतील. मला हात चालवताना मनात उमटतील असे शब्द हवे होते.

सुट्टीच्या दिवशी मी लोकलने शिवाजीनगरला उतरून चालत अप्पा बळवंत चौकात जायचो. जुनी पुस्तकं चाळायची, मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांतून चिप आणि रजिस्टन्स घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या फेऱ्यांमध्ये डॉन लँकॅस्टर यांचं 'टीटीएल कुकबुक' मला जुन्यात मिळालं. ते १९७४ सालचं. त्यांचंच 'सीमॉस कुकबुक' पुढे १९७७ साली आलं. कॉलेजच्या पुस्तकात गेट हे चिन्ह असतं. लँकॅस्टर यांच्याकडे ती वस्तू असते. तिला पाय असतात, ती करंट खाते, तिला शेजारची चिप त्रास देते. एकेक चिप घेऊन ती कशी वापरायची, कुठे फसते, तिच्यापासून काय काय बनतं, हे ते कारागिराच्या सुरात सांगतात. गेटकडे हत्यार म्हणून बघायला मी तिथे शिकलो.

त्याच काळात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं 'टीटीएल डेटा बुक' हाती आलं आणि तक्त्यांमागचे आकडे दिसले. साध्या टीटीएल गेटसाठी ०.८ व्होल्टपर्यंत शून्य, २ व्होल्टच्या वर एक. आउटपुट मात्र शून्य देताना ०.४ च्या वर जायचं नाही आणि एक देताना २.४ च्या खाली यायचं नाही, अशी हमी. दोन्ही बाजूंना ०.४ व्होल्टची मोकळी जागा ठेवली आहे. बाहेरचा गोंधळ तेवढ्यात मावला तर चालतं, त्याहून मोठा झाला की शून्याचा एक होतो. आणखी एक आकडा मी पेन्सिलने गोल करून ठेवला. तो गेट १६ मिलिअँपिअर पोटात घेऊ शकतो, पण देताना हमी फक्त ०.४ मिलिअँपिअरची. म्हणजे पायापासून जमिनीकडे लावलेला एलईडी मिणमिणेल, आणि पाच व्होल्टपासून पायाकडे लावलेला, सोबत ३३० ओहमचा रजिस्टन्स असलेला, लख्ख पेटेल. मी दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. आजही नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, कारण गेट देण्यात कृपण आणि घेण्यात उदार असतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

इंग्रजीची भीती असलेल्या आठवी-नववीच्या मुलांना मी फॉरेस्ट मिम्स यांचं 'गेटिंग स्टार्टेड इन इलेक्ट्रॉनिक्स' देतो. १९८३ सालचं हे पुस्तक लेखकाने अक्षरासकट हाताने काढलेलं आहे. चित्र बघत बघत मूल दोन ओळी वाचतं, जोडणी करतं आणि पुढच्या पानावर जातं. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पुस्तक म्हणून हेच वाचलं आहे, आणि त्याचा मला आनंद आहे.

डिप्लोमानंतर मी तळेगावला एका कारखान्यात लागलो. २००१ चा पावसाळा मला चांगला आठवतो. दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी यायचं आणि जेवण झालं की तास-दीड तास ब्रेडबोर्डपुढे बसायचं. समोर मालविनो यांचं 'डिजिटल कॉम्प्युटर इलेक्ट्रॉनिक्स'. त्यात 'सॅप-१' नावाचा एक लहानसा संगणक आहे. शक्य तितका साधा, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं ते लघुरूप. आठ तारांची बस, सोळा शब्दांची मेमरी, फक्त पाच आज्ञा. सगळा सुट्या चिपमधून हाताने बांधायचा. आता यूट्यूबवर बेन ईटर यांनी याच धर्तीवर बांधलेला संगणक जगभरची मुलं पाहतात. आमच्याकडे तेव्हा ते पुस्तक आणि कौलांवरचा पाऊस एवढंच होतं.

प्रोग्रॅम काउंटर बांधून झाला आणि तो चुकीचं मोजायला लागला. तीनवरून एकदम सहावर जायचा. जोडणी दहा वेळा तपासली, ती बरोबर होती. शेवटी लँकॅस्टर यांचा सल्ला आठवला. प्रत्येक चिपच्या वीज घेणाऱ्या पायाला अगदी खेटून एक लहान कंडेन्सर लावावा. चिप स्थिती बदलते तेव्हा क्षणभर जास्त करंट ओढते, तेवढ्यात शेजारच्या चिपची वीज खाली येते आणि तिला तो खोटा ठोका वाटतो. मी १०४ छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे, पंधरा कंडेन्सर लावले. काउंटर सरळ चालायला लागला. सप्टेंबरात एका रात्री पाच आणि तीन यांची बेरीज झाली आणि आठ एलईडींपैकी एकच, आठच्या घरातला, पेटून राहिला. मी आईला उठवून तो दाखवला. तिने हात जोडले.

त्या संगणकाने पुढे फार काही केलं नाही, पण संगणक आतून कसा चालतो याबद्दलची धास्ती कायमची गेली. मायक्रोप्रोसेसरसाठी रमेश गावकर यांचं ८०८५ वरचं जाडजूड पुस्तक आम्हाला कॉलेजात होतंच. १९८४ साली पहिल्यांदा आलेलं हे पुस्तक भारतातल्या किती पिढ्यांनी वाचलं असेल! सॅप-१ बांधल्यावर मी ते परत उघडलं आणि आधी कंटाळवाणे वाटलेले टायमिंगचे आलेख बोलायला लागले. कोणत्या ठोक्याला पत्ता बसवर येतो, कोणत्या ठोक्याला मेमरी उत्तर देते, हे आता मी हाताने केलेलं होतं. ८०८५ आता कुणी नव्या यंत्रात घालत नाही. तरी मुलांना मी हे पुस्तक सांगतो, कारण आजच्या चिपमध्ये मेमरी, पोर्ट, टायमर सगळं पोटात गेलेलं असतं, आणि त्यांचा आपसांतला व्यवहार गावकरांच्या पुस्तकात उघड्यावर दिसतो. त्यातला पेरिफेरल जोडण्याचा भाग, विशेषतः ८२५५ या पोर्टच्या चिपवरचा, सावकाश वाचावा.

२००४ साली नोकरी सोडून मी दुकान टाकलं. तळेगावला फुलशेतीचं पार्क आलं होतं, मावळात पॉलिहाऊस उभी राहत होती, इथला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जायला लागला होता. परदेशी कंट्रोलर लहान शेतकऱ्याला परवडत नव्हते. मी ८०५१ जातीच्या चिपवर कंट्रोलर बनवायला घेतले आणि तिथून मुहम्मद अली मझिदी यांचं 'द ८०५१ मायक्रोकंट्रोलर अँड एम्बेडेड सिस्टिम्स' माझ्या टेबलावरून हललं नाही.

पवन मावळातल्या एका बागायतदार काकांना मी तापमान दाखवणारं यंत्र दिलं. आठवड्याने ते दुकानात आले. "यंत्र चांगलंय, पण याला विषम आकडा येतच नाही का रे? सव्वीस, अठ्ठावीस, तीस. मधले अंश जातात कुठे?" मी चकित झालो. पॉलिहाऊसमध्ये रोज उभं राहणाऱ्या माणसाने ते हेरलं होतं. एलएम ३५ हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. माझा आठ बिटांचा कन्व्हर्टर पाच व्होल्टचे २५६ भाग करत होता, म्हणजे एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची, जवळजवळ दोन अंशांची. मी प्रोग्रॅममध्ये सरळ दोनने गुणलं होतं. मझिदींच्या पुस्तकात हेच उदाहरण सोडवून दाखवलंय. कन्व्हर्टरच्या संदर्भाच्या पायाला १.२८ व्होल्ट द्यायचे, म्हणजे पूर्ण पल्ला २.५६ व्होल्ट आणि एक पायरी बरोबर १० मिलिव्होल्ट होते. त्या रात्री तेवढा बदल केला. सकाळी यंत्रावर २७ दिसले तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला कुठल्याही प्रमाणपत्राहून मोठं वाटलं. मझिदींचं पुस्तक घ्या असं मी सांगतो ते त्यातल्या या प्रकरणांसाठी. एलसीडी, कन्व्हर्टर, सेन्सर, स्टेपर मोटर, कीपॅड, प्रत्येकाची जोडणी आणि प्रोग्रॅम शेजारी शेजारी दिलेला आहे.

पुढची गोष्ट सांगणं मला जड जातं, पण शिकणाऱ्याच्या ती कामाची आहे.

२००७ चा जानेवारी. नाणे मावळात एका गुलाबाच्या पॉलिहाऊसला माझा कंट्रोलर होता. सहा रिले, त्यांतला एक फॉगरच्या मोटरचा. तेव्हा भारनियमन जोरात होतं. रात्री दोनच्या सुमारास वीज आली ती सरळ आली नाही. आली, गेली, थरथरली, मग टिकली. पहाटे पॉलिहाऊसचे मालक आत गेले तेव्हा फॉगर चालू होते. थंडीच्या रात्री, काही तास. पानापानावरून पाणी निथळत होतं. आठवडाभरात डावणी पसरली. व्हॅलेंटाइनच्या तोडणीच्या ऐन तोंडावर त्यांच्या निम्म्या कळ्या गेल्या. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. "बघ काय झालंय ते," एवढंच म्हणाले.

दोन दिवस मी तो बोर्ड टेबलावर ठेवून वीज चालू-बंद करत बसलो. मग दिसलं. ८०५१ रीसेटमध्ये असते तेव्हा तिचे सगळे पोर्ट 'एक' होतात. माझ्या बोर्डावर पोर्टच्या पायाला पुल-अप, पुढे रिले ओढणारी यूएलएन २८०३ ही चिप आणि तिच्यापुढे रिले. म्हणजे पायावर 'एक' असला की रिले चालू. एरवी प्रोग्रॅम क्षणात सुरू होऊन सगळे रिले बंद करायचा, फक्त 'खट्' असा आवाज यायचा, आणि त्या आवाजाकडे मी दुर्लक्ष केलं होतं. त्या रात्री वीज थरथरली, रीसेटच्या कंडेन्सरला पूर्ण रिकामं व्हायला वेळ मिळाला नाही, चिपला धड रीसेट झालं नाही आणि ती अर्ध्यावर अडकली, पोर्ट 'एक' धरून. पॉलिहाऊस सकाळपर्यंत त्या एकाच्या हवाली राहिलं.

रीसेटनंतर पोर्टमध्ये काय असतं याचा तक्ता ८०५१ च्या प्रत्येक पुस्तकात असतो. मी तो वाचला होता, पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. तो तक्ता एखाद्याच्या शेतापर्यंत पोचतो हे तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं. मी पोर्ट आणि यूएलएनच्या मध्ये ७४०४ चा इन्व्हर्टर टाकला, म्हणजे 'एक' याचा अर्थ बंद. वीज पाच व्होल्टच्या खाली ढळली की चिपला पकडून ठेवणारा आणि ती अडकली तर हलवून जागं करणारा डीएस १२३२ बसवला. आधी दिलेले सगळे कंट्रोलर स्वखर्चाने बदलून दिले. त्या मालकांकडे आजही माझंच यंत्र आहे, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून पुस्तक वाचताना प्रत्येक तक्त्याशेजारी मी पेन्सिलने एक प्रश्न लिहितो: वीज गेली आणि परत आली तर? मुलांनाही सांगतो, कोऱ्या पुस्तकाने शिकू नका, समासात लिहा.

याच घटनेनंतर मी पॉल हॉरोविट्झ आणि विनफिल्ड हिल यांचं 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' घेतलं. पहिली आवृत्ती १९८० ची, दुसरी १९८९ ची, तिसरी २०१५ ची. पुस्तक मोठं आणि महाग आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाने घेऊ नये, दोन-तीन वर्षं काम केलेल्याने मात्र पैसे साठवून घ्यावं. माझ्याकडच्या दुसऱ्या आवृत्तीत डिजिटल आणि ॲनालॉग यांच्या भेटीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एका जातीची चिप दुसऱ्या जातीच्या चिपला कशी जोडायची, लांब केबलवर सिग्नलचं काय होतं, बटण दाबलं की त्याची पाती किती वेळा उडते, हे सगळं त्यात आहे. प्रकरणांच्या शेवटी चुकीच्या सर्किटांची चित्रं दिलेली असतात आणि चूक आपण शोधायची असते. दुसऱ्याच्या चुका बघून शिकवणारं असं पुस्तक मला आधी मिळालं असतं, तर कदाचित तो जानेवारी वेगळा गेला असता.

त्या पुस्तकाचा खरा कस लागला लोणावळ्यात. तिथल्या एका शाळेला मुलांसाठी पावसाची नोंद ठेवणारं यंत्र हवं होतं. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, तळेगावपर्यंत येईतो तो निम्म्याहून कमी होतो. मुलांना तो फरक स्वतः मोजायचा होता. दोन वाट्यांचं तराजूसारखं पर्जन्यमापक आणलं. ०.२ मिलिमीटर पाऊस भरला की एक वाटी कलंडते, लोहचुंबक पुढून सरकतं, रीड स्विच मिटतो, एक मोजायचा. सोपं काम. शाळेच्या सरांनी शेजारी साधं नळीचं पर्जन्यमापकही ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात नळीत ८० आणि यंत्रात १३० असा फरक आला.

रीड स्विचची पाती मिटताना काही मिलिसेकंद थडथडते आणि चिप प्रत्येक थड मोजते. एकदा मोजल्यावर १०० मिलिसेकंद कान बंद ठेवायचे, असा बदल प्रोग्रॅममध्ये केला. तासाला १२० मिलिमीटर पाऊस पडला तरी दोन कलंडण्यांमध्ये सहा सेकंद जातात, म्हणजे खरा ठोका हुकण्याची भीती नाही. आकडे जुळले. आठ दिवसांनी परत वाढले, आणि या वेळी फक्त मुसळधार पावसात.

रेनकोट घालून मी गच्चीवर गेलो. केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं, तांब्यावर हिरवा थर चढला होता. पाऊस नसताना दोन तारांमध्ये काही नव्हतं, पावसात मात्र त्यांच्यामधून करंट झिरपत होता. मी पुल-अप १०० किलोओहमचा लावला होता, वीज वाचावी म्हणून. तिथे ओलेत्याने उभा असताना मला लॅबचे मामा आठवले. माझा पाट इतका बारीक होता की बांधातल्या झिरपण्यालाही तो पुरा पडत नव्हता. खाचर कुणी मोरी न उघडताच रिकामं होत होतं. ४.७ किलोओहमचा रजिस्टन्स लावला, जोड उंचावर घेऊन डबीत बंद केला, बोर्डवर वार्निश मारलं. ते यंत्र नंतर पाच पावसाळे चाललं.

दमट हवेत सर्किट कसं टिकवायचं याचं स्वतंत्र पुस्तक माझ्या फळीवर नाही. ते आपल्या पावसानेच शिकवलं. पण पुल-अपची किंमत कशी ठरवायची हे पुस्तकांनी शिकवलं होतं, म्हणून पावसाचा धडा मला वाचता आला.

आताची मुलं आर्डुइनो आणि ईएसपी ३२ घेऊन येतात. मला ते आवडतं. आर्डुइनोच्या संस्थापकांपैकी एक मासिमो बांझी यांचं 'गेटिंग स्टार्टेड विथ आर्डुइनो' लहान आणि प्रेमळ पुस्तक आहे, मायकेल मार्गोलिस यांचं 'आर्डुइनो कुकबुक' अडल्या वेळी उघडायला चांगलं. तासाभरात काहीतरी चालू होतं आणि मुलाचे डोळे चमकतात. त्याच मुलाने पाच व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरची तार ३.३ व्होल्टच्या ईएसपीला थेट लावली की बोर्ड जातो, आणि तो म्हणतो, "दादा, कोड तर बरोबर होता." तेव्हा मी त्याला खालच्या फळीवरचं 'टीटीएल कुकबुक' काढून देतो आणि त्या चिपची डेटाशीट छापून देतो. डेटाशीट हे शेवटी सगळ्यांत खरं पुस्तक. आता ती फुकट मिळते. तीत दोन तक्ते शेजारी असतात. एकात, याच्या पुढे गेलात तर चिप मरेल, असे आकडे. दुसऱ्यात, यात राहिलात तर चिप सांगितल्याप्रमाणे वागेल, असे. काम करायचं ते दुसऱ्या तक्त्यात.

शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं, हे त्यांचं सूत्र. मी तिथे दोनदा गेलो, शेतकऱ्याच्या गरजेची यंत्रं मुलं स्वतः बनवतात हे पाहिलं, आणि परतल्यावर रविवारी सकाळी दुकान मुलांसाठी उघडं ठेवायला लागलो. क्रम ठरलेला आहे. आधी मिम्स किंवा आर्डुइनो, म्हणजे गोडी लागते. मग मालविनो-लीच, ब्रेडबोर्डसकट. मग लँकॅस्टर. एका पावसाळ्यात सॅप-१. त्यानंतर गावकर आणि मझिदी. आणि पायावर उभं राहिल्यावर हॉरोविट्झ-हिल. कुठल्याही पानाला सोल्डरचा वास लागल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, ही एकच अट.

माझ्या फळीवरची ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत. म्हणून ती वही मी अजून लिहितो. आता तिचे तीन भाग झाले आहेत, मुलं त्यात भर घालतात. गेल्या वर्षी आंदर मावळातली डिप्लोमाची एक मुलगी मालविनो-लीच घेऊन गेली. भातलावणीत घरच्यांच्या हाताखाली होती, त्यामुळे पुस्तक दिवाळीला परत आलं. पुल-अपच्या पानात एक चिठ्ठी होती. तिने खाचर काढलं होतं, पाट काढला होता, मोरी काढली होती आणि बांधाला एक खेकड्याचं बीळ. बिळापाशी लिहिलं होतं: 'ओली केबल. पाट ४.७ के ठेवणे.'

बीळ मामांच्या चित्रात नव्हतं, माझ्याही नव्हतं. लावणीच्या चिखलात उभी राहून तिने ते स्वतः जोडलं होतं. चिठ्ठी मी त्याच पानात ठेवली आहे.